त्यांच्यासाठी पाहिलेला रस्ता

घाटनांदूर. शके १८३५, कार्तिक वद्य ११

ही वही ह्यांनी मोमिनाबादहून आणली. म्हणाले, आता लांब जायचं आहे, रोज थोडं लिहीत जा. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली चार माझी पाटीवर गिरवण्यात गेली. शिकवणारे हेच. पाटलाच्या घरातल्या बाईनं लिहिलेलं इथं कुणाला रुचत नाही, म्हणून दार लोटून लिहिते आहे.

काल मोमिनाबादच्या दवाखान्यात गेलतो. डॉक्टरांनी ह्यांची छाती नळी लावून तपासली. मी बाहेर लिंबाखाली गाडीत बसून होते. दोघं आत बराच वेळ बोलले. हे बाहेर आले ते हसतच. "दर्याची हवा खायला सांगितलीय. खोकला जाईल," म्हणाले. मी औषधाचं विचारलं, तर म्हणाले हवा हेच औषध.

मोठे दीर, उत्तरेश्वर, संतापले. कापूस वेचणीला आलेला, आणि हा राधाकिशन बायकोला घेऊन इंग्रजी मुलखात हिंडायला निघाला. नोकर ने, बाईमाणूस कशाला, असं म्हणत होते. ह्यांनी एवढंच सांगितलं की मला हिच्याच हातचं जेवण जातं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कशालाच नको म्हणाल्या नाहीत. बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

अलिबाग. मार्गशीर्ष शुद्ध ९

पोचलो. लातूरपर्यंत बैलगाडी, तिथून छोटी रेल्वे, मग मोठी, मग मुंबईहून आगबोट, आणि शेवटी पुन्हा बैलगाडी. मी इतकी दमले आहे की हात चालत नाही, पण राग उतरवून टाकल्याशिवाय झोपही येणार नाही.

प्रत्येक ठिकाणी ह्यांनी मला पुढं केलं. तिकिटाची खिडकी आली की हे बाकावर बसायचे. मला दम लागतोय, तू इचार. बारा वर्षांत मी वेशीपलीकडं एकटी गेले नाही, आणि अनोळखी पुरुषांना विचारत फिरले की गाडी कुठून सुटते. मुंबईच्या धक्क्यावर तर मी भलत्याच माणसाला विचारलं आणि गोव्याच्या बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. हे बाकावरून सगळं बघत होते. उठले नाहीत. माझं मला कळलं तेव्हा मी रडत परत आले.

"पुढच्या खेपंला चुकणार न्हाईस," म्हणाले.

मी म्हणाले, पुढची खेप कशाला येतीय. त्यावर ते दर्याकडं बघत बसले.

मार्गशीर्ष शुद्ध १२

खोली माडीवर आहे. घरमालक म्हातारे पेन्शनर, खाली राहतात, भले आहेत. खिडकीतून दर्या दिसतो, आणि त्यात मधोमध किल्ला. पाण्यातला किल्ला मी जन्मात पाहिला नव्हता. ह्यांचं अंथरूण मी खिडकीशी घातलं आहे.

बाजार घराच्या दुसऱ्या अंगाला आहे, तो खोलीतून दिसत नाही. नुसता ऐकू येतो. तळ्यापासून निघालेला एक अरुंद रस्ता थेट वाळूपर्यंत जातो, दोन्ही बाजूंनी दुकानं. गाडी शिरत नाही, सगळे पायीच. दिवस कलला की तिथं माणसांचा असा आवाज होतो की जत्रा भरली आहे असं वाटावं.

आज हे म्हणाले, "मला जिना उतरवत न्हाई. तू बघून ये आन् मला सांग." मी घाबरून गेले, मीठ घेतलं आणि परत आले. मिठाच्या दुकानदारानं आपला निजामाचा हाली पैसा परत केला, इथं इंग्रजांचा कलदारच चालतो. तेवढ्यानंही मला कानकोंडं झालं. ह्यांनी विचारलं, मिठाच्या दुकानाच्या समोर काय होतं? मला आठवेना. खाली मान घालून गेले होते, काय दिसणार.

"उद्या मान वर करून जा," म्हणाले.

मार्गशीर्ष वद्य १

आज सगळा रस्ता पाहिला. हे झोपले आहेत तोवर लिहून काढते.

तळ्याच्या टोकाला फुलवाल्या बसतात. त्यांच्यापुढं बांगडीवाला, दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यावर काचेचे ढीग. मग सुपं-टोपल्या, मग दोन किराण्याची दुकानं. त्यानंतर तेली. तेल्याचं दुकान काल बंद होतं, आज उघडं. बांगडीवाल्याला विचारलं तर म्हणाला ते शनिवारी दुकान उघडत नाहीत, त्यांचा धर्म निराळा आहे, इस्रायल म्हणतात. दर शनिवारी घाणा थांबतो आणि ती माणसं स्वच्छ कपडे घालून ओट्यावर बसतात. मला हे फार आवडलं.

पुढं खाण्याचा वास सुरू होतो. भज्यांची कढई, फुटाण्यांची भट्टी, आणि एक माणूस बाटलीतली गोळी अंगठ्यानं दाबून फसकन पाणी काढून देतो. मी दचकले तसे लोक हसले, मीही हसले. चहाच्या दुकानात बाकं टाकली आहेत, तिथं पुरुष नुसते बसून असतात. मग कोळणी, टोपल्यांत रुप्यासारखे मासे. त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की मला आधी भांडण वाटलं. शेवटच्या दुकानानंतर रस्ता वाळूत बुडतो. तिथं चपला हातात घ्याव्या लागतात. ओहोटी होती. माणसं पाण्यातून चालत किल्ल्याकडं निघाली होती.

सगळं ह्यांना सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, भज्याच्या दुकानावर कोण बसतंय, बाप्या का बाई? मी म्हणाले बाप्या. बाई कुठल्या दुकानात हाय का ते उद्या बघ, म्हणाले. हे काय विचारणं झालं?

मार्गशीर्ष वद्य ५

बाई आहे. वाळूच्या टोकाला खाणावळ आहे, चार खांब आणि माडाच्या झापांचं छप्पर, तिची मालकीण सुंदरबाई. जातीनं भंडारी. चाळिशीची असेल. कपाळ मोकळं. नवरा माडावरून पडून गेला त्याला दहा वर्षं झाली, असं तिनंच सांगितलं, जसं पाऊस कमी पडला सांगावं तसं. मागच्या पडवीत कोळणी जेवायला बसतात. मला म्हणाली, "ये गो बाय, उभी का? बस."

मी पळून आले.

ह्यांना सांगितलं तर हे अंथरुणात उठून बसले. उद्या तिथं जेवून ये, म्हणाले. मी कानावर हात ठेवले. पाटलाची सून रस्त्यावर जेवते असं घाटनांदुरात कळलं तर उत्तरेश्वर दीर घरात घेणार नाहीत. "घाटनांदूर लई लांब हाय," हे म्हणाले. "मला मासा कसा लागतोय ते कळाया पायजे. मी कुणाला इचारू?"

मार्गशीर्ष वद्य ७

जेवले. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखट. काटा घशात अडकला, तेव्हा शेजारच्या कोळणीनं कोरड्या भाताचा मुटका गिळायला दिला आणि पाठीत धपाटा घातला. ह्यांना सगळं करून दाखवलं, माझे डोळे कसे झाले ते, धपाटा कसा बसला ते. हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. उपरण्यावर लाल दिसलं. ह्यांनी ते घडी करून उशाखाली ठेवलं. म्हणाले, पानाचा रंग.

ह्यांनी पान खाल्लं कधी, ते मला आठवत नाही. घरमालकांनी दिलं असेल.

मार्गशीर्ष वद्य १२

आज मन बरं नाही. लिहायची लाज वाटते, पण ही वही कुणी वाचत नाही.

हे सारखं सुंदरबाईचं विचारतात. ती बाजार कुठून करते? मासळीवाले तिला फसवत नाहीत का? दीर-जाऊ आहेत का? कुणी वाईट बोललं तर काय करते? रात्री दार कसं लावून घेते? मी एक सांगावं तर चार आणखी विचारतात. आधी मला गंमत वाटायची. आज मी म्हणाले, एवढी आवडली असेल तर बोलावून आणते इथं. हे माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आवडली खरी. तुला आवडली का?"

भाकरी करपली. मला मूल नाही, रूप नाही, आता ह्यांना परक्या बाईचं कौतुक. तरी उद्या जाईन आणि तेच प्रश्न तिला विचारीन, कारण ह्यांनी सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

पौष शुद्ध ४

सुंदरबाईला सगळं विचारलं. ती पोळपाट पुसत होती. ऐकून थांबली. म्हणाली, तुझे घरवाले विचारतात हे सगळं? मी हो म्हणाले. किती दिवस आजारी आहेत? मी म्हणाले आता बरे होतायत, दर्याची हवा मानवली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हात पुसून शेजारी येऊन बसली.

मग एकेक सांगत गेली. पहिल्या वर्षी दिरानं माड आपल्या नावावर करायला पाहिले, तेव्हा ती कचेरीत जाऊन उभी राहिली. मासळी उजाडताना घ्यायची, कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. वाईट बोलणाऱ्याकडं पाहायचं, नजर काढायची नाही. हे सगळं सांगताना तिचे डोळे भरले. स्वतःचं आठवलं असणार. माझा तिच्यावरचा राग गेला.

पौष वद्य २, संक्रांत

रस्त्यावर तिळाच्या रेवड्या, ऊस, मातीची सुगडं. बायकांची एवढी गर्दी की खांद्याला खांदा लागत होता. मडक्यात वालाच्या शेंगा कोंबून, वर पालापाचोळा पेटवून शिजवतात, ती पोपटीही खाल्ली. बांगडीवाल्यानं लांबून हाक मारली, "मोगलाईतल्या बाई, या!" आपल्या निजामाच्या मुलखाला इथं मोगलाई म्हणतात. मी हिरव्या बांगड्या भरल्या.

ह्यांना सांगितलं. बांगड्यांवरून ह्यांनी बोट फिरवलं. मग विचारलं, हाक मारली म्हणजे वळखतोय तुला? मी म्हणाले, आता सगळेच ओळखतात. तेली पेंड देऊ का विचारतो, इथं माझी गाय कुठं आहे असं मी त्याला विचारते. सोडावाला मला पाहिलं की मुद्दाम बाटली फोडतो.

"लई चांगलं झालं," हे म्हणाले. दोनदा म्हणाले. खूप थकलेले दिसले. जेवले नाहीत.

पौष वद्य ९

आज ह्यांनी उत्तरेश्वर दिरांना पत्र माझ्याकडून लिहवून घेतलं. मी म्हणाले तुम्ही सांगा, मी उतरवते. तर म्हणाले, न्हाई, तुझं तू लिही, तुझ्या नावानं. भावाला बायकोनं पत्र लिहायचं, हे कसलं खूळ. लिहिलं. पोस्टात मीच टाकलं. पोस्टातल्या माणसाला तार कशी करतात तेही विचारून यायला सांगितलं होतं. विचारलं.

ह्यांचे हात काड्यांसारखे झालेत. हवा मानवते आहे तर अंग का धरत नाहीत? इथल्या डॉक्टरांना बोलवू म्हटलं तर नको म्हणतात.

माघ शुद्ध ५

आज मी खोटं बोलले.

ह्यांना बोलतानाही धाप लागते. मला उशाशी बसायचं होतं. ह्यांनी बोटानं दार दाखवलं. मी नको म्हणाले तर तोंड फिरवलं. म्हणून मी जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिले. तासाभरानं वर आले आणि मनचाच रस्ता सांगितला. फुलवाल्यांकडं अबोली होती, तेल्यानं नवीन घाणा जोडला, कढईत भजी तळत होती.

हे हळूच म्हणाले, "आज शनवार हाय."

मग हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना. ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. आज पहिल्यांदा त्यांनी मला उठू दिलं नाही.

लातूर. माघ वद्य ८

अठरा दिवसांनी वही उघडते आहे.

दशमीला हे गेले. तिसऱ्या प्रहरी त्यांनी शहाळ्याचं पाणी मागितलं. आदले दोन दिवस काही मागितलं नव्हतं, म्हणून मला आनंद झाला. मी उठले तेव्हा त्यांनी मला नावानं हाक मारली. बारा वर्षांत अगं, ऐकलंस का, यापलीकडं हाक नव्हती. म्हणाले, "मुक्ता, सावकाश ये. घाई करू नको."

मी सावकाश गेले. त्यांनी सांगितलं म्हणून. शहाळेवाला जवळचा आहे, पण मी सुंदरबाईकडं गेले. तिला सांगायचं होतं की आज त्यांनी स्वतःहून मागितलं. तिनं मला बसवलं, मी थोडी बसले. परत आले तेव्हा खिडकीकडं तोंड होतं. शहाळं कितीतरी वेळ माझ्या हातातच होतं.

घरमालक म्हणाले, नातलगांना तार करून वाट पाहू का? आमचे लोक पाच दिवसांच्या वाटेवर. मी तार केली, वाट पाहिली नाही.

खांदा द्यायला कोण, हा प्रश्न होता. मी खाली आले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. बांगडीवाला, तेली, सोडावाला, भज्यांच्या दुकानातला, दोन कोळी. सुंदरबाईनं रस्ताभर सांगितलं होतं. त्यांतल्या एकानंही ह्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तेली म्हणाला, आमचा विधी वेगळा, पण वजन उचलायला काय हरकत आहे. बाजारातून नेलं. ज्या रस्त्याचं मी त्यांना दोन महिने सांगितलं, त्यावरून ते त्या दिवशी पहिल्यांदा गेले. दुकानं अर्धी मिटलेली होती.

अग्नी मी दिला. भटजींनी आधी आढेवेढे घेतले, मग मुलगा नाही, भाऊ इथं नाही, असं पाहून गप्प झाले. सुंदरबाईनं माझ्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. हाताला तेल लावून एकेक काढली.

दिरांची उलट तार आली, तिथेच थांब, घ्यायला येतो. मी थांबले नाही. दहावा झाल्यावर अस्थी घेऊन एकटी निघाले. तिकिटं मी काढली. धक्क्यावर मला विचारायला लागलं नाही. लातूरच्या ठेसनावर दीर भेटले, कापसाचं आवरून आता कुठं मुंबईच्या गाडीसाठी निघालेले. त्यांनी मला उतरताना पाहिलं. माझ्या मागं कोण सोबत आहे ते डब्यात वाकून पाहत होते.

घाटनांदूर. फाल्गुन शुद्ध ७

येणारं-जाणारं माणूस कमी झालं तसं आज दिरांनी सांगितलं. वर्षभर मी मागच्या खोलीत राहायचं. माझ्या वाटणीचं रान ते पाहतील. आणि बाईमाणसाला वही-टाक लागत नाही. जे काही तिकडं झालं ते गावात बोलायचं नाही, अग्नीचं तर नाहीच.

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. नजर काढली नाही.

आत्याबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला कोंडायची न्हाई, उत्तरेश्वर. रान तिचं तीच बघंल. राधाकिशनला म्या सबूद दिलाय." दीर काहीतरी पुटपुटले आणि पागोटं उचलून बाहेर गेले. आईपुढं ते बोलत नाहीत.

कसला शब्द, मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी हे गोठ्यात त्यांच्याजवळ जाऊन बसले होते. मोमिनाबादच्या डॉक्टरनं दोन महिने सांगितलेत, म्हणाले. हवेनं काही व्हायचं नव्हतं. म्हणाले, आई, मी इथं मेलो तर हिनं उंबऱ्याबाहेरचं काही न बघता जन्म काढायचा. मला हिला लांब न्यायचंय. तिथं हिला एकटीला हिंडता-बोलता येईल. हिला यातलं कळू देऊ नको, न्हाईतर ती माझ्या उशाशीच बसून ऱ्हाईल.

मी खांबाला धरून उभी होते. मला वाटलं मी रडेन, पण मला राग आला. असा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. दोन महिने होते आमच्याजवळ, आणि मला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांनी मला हाकलून दिलं आणि मी गेले, भज्यांच्या कढया मोजत फिरले. सुंदरबाईला कळलं होतं. तिचे डोळे कुणासाठी भरले ते आज कळलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सावकाश ये म्हटलं आणि मी सावकाश आले.

"मला बाजार नको हुता, आत्याबाई," मी म्हणाले. "मला उशाशीच बसायचं हुतं. माझ्या वाटचे दिवस त्यांनी कुणाला इचारून घालवले?"

आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "तुला दोन म्हैने तरी मिळाले, बाई. म्या त्याला या दारातूनच सोडला. न्हाई म्हणले असते तर ऱ्हायला असता."

मी खाली बसले, सुपातल्या शेंगा पुढं ओढल्या आणि फोडायला लागले. कुणीतरी येऊन गाई बांधून गेलं.

आत्याबाईंनी विचारलं, शेवटी काय खाल्लं त्यानं?

मी सांगितलं, शहाळ्याचं पाणी मागितलं होतं, ते आणायला गेलते.

"मंग प्याला न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणाले.